नसीम आपांचं चावडीवाचन

जुन्नरच्या पेठेत नसीम आपांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आत शिरलं की एका बाजूला मशिन, दुसऱ्या बाजूला संगणक आणि मधे एक लांबट बाकडं. त्या बाकड्यावर बसणाऱ्याला आपा पहिल्यांदा कामाचं विचारत नसत. "कुठून आलात?" असं विचारत आणि मग, "तिकडं काय चाललंय?" उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस दाखला विसरून बोलायला लागे. मागे उभे असलेले लोक कंटाळत, पण थोड्या वेळानं तेही त्या बोलण्यात शिरत.

आपा गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. दुकान त्यांचा भाचा चालवतो. चांगला मुलगा आहे, काम झटपट करून देतो. बाकडंही आहे तिथंच. मला मात्र त्यावर फार वेळ बसवत नाही.

मी आंबेगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल आहे. आपांशी माझी ओळख झाली ती त्या एकदा ग्रंथालयात आल्या तेव्हा. जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घालण्याआधी मुलांना द्याल का, असं त्यांनी विचारलं. कशासाठी, म्हटल्यावर म्हणाल्या, "फाडायला." मुलांनी प्रत्येक पानावरून एकेक बातमी फाडायची आणि ती देणारा माणूस त्या जागी गेला होता की नव्हता, हे ओळखायचं. त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून राहिलो, आणि पुढची काही वर्षं साधारण तसाच बसून राहिलो.

आपा पुष्कळ वर्षं पुण्याच्या एका दैनिकाच्या तालुका वार्ताहर होत्या. पुढं त्या दैनिकाला बातमीपेक्षा मोबाइलवरची चित्रफीत जास्त हवीशी झाली. आपांना ते जमेना. "मला बसून ऐकता येतं, पळत दाखवता येत नाही," असं म्हणून त्यांनी काम सोडलं आणि जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन्ही तालुक्यांतल्या शाळांतली मुलं घेऊन एक छोटं वर्तमानपत्र काढायला लागल्या. महिन्यातून एकदा, चार पानं, नाव 'चावडी'. बातम्या मुलांनी आणायच्या, मुलांनी लिहायच्या. अक्षरजुळणी आपांच्या दुकानात, आणि तपासणी माझ्याकडे. त्यांच्या घराण्यात फार पूर्वी हातानं कागद करायचा धंदा होता. त्याबद्दल त्या हसत सांगत, "आमच्या लोकांनी कागद केला, त्याच्यावर लिहिलं दुसऱ्यांनी. आता जरा आमची पाळी."

त्यांच्याकडे एक जुनी स्कूटी होती. ती त्या चालवत आणि मी अंकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मागे बसे. वेग इतका कमी की सायकलवाले पुढं जात. वाटेत फ्लेक्स दिसला की आपा थांबणारच. वाढदिवसाचा असो, दशक्रियेचा असो, सगळा वाचायचा, खालची नावंसुद्धा. माणसांची नावं त्यांच्या कायमची लक्षात राहत. कुठल्याही गावात गेल्या की त्या नावानंच विचारपूस करत, आणि समोरचा चकित होऊन विचारी, "तुमी आमचं पावणं का?"

मुलांना त्यांनी फार नियम शिकवले नाहीत. 'लोक म्हणतात' असं कुणी लिहिलं की विचारत, "कोण लोक? त्यातल्या एकाचं आडनाव सांग." आणि बातमी वाचून झाली की प्रत्येकाला एकच प्रश्न: "कुणाला विचारायचं राहिलं?" कुणी 'कुणालाच नाही' म्हणालं, तर त्या चष्मा काढून पदरानं पुसायला लागत. तो पुसून होईपर्यंत मुलाला बहुतेक एखादं नाव आठवलेलं असे.

बिबट्याच्या बातम्या तर आमच्याकडे रोजच्या. एका मुलानं लिहून आणलं की त्याच्या गावात तीन बिबटे आले आहेत. आपांनी त्याला हसण्यावारी नेलं नाही. बिबट्या पाहिलेल्या तिघांकडे त्याला पुन्हा पाठवलं. ती माणसं कुठं उभी होती, तिथं जाऊन उभं राहायचं, वेळ विचारायची आणि तो कुठल्या बाजूला गेला ते विचारायचं. पुढच्या आठवड्यात तो मुलगा आला, बाकड्यावर बसला आणि जरा नाराजीनंच म्हणाला, "एकच हाय आपा. पर लई फिरतंय." ते वाक्य आपांनी जसंच्या तसं मथळ्यात घातलं. त्यानंतर तो मुलगा कितीतरी दिवस ऐटीत फिरत होता.

पण 'चावडी'ची खरी गंमत छापण्यात नव्हती, छापण्याआधी होती. आमच्याकडे तलाठी गावात येऊन सातबाऱ्याच्या नोंदी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. ज्याला नोंद पटत नाही तो तिथंच उठून हरकत घेतो. याला चावडीवाचन म्हणतात. वार्ताहर असताना आपा अशा एका वाचनाला गेल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं की बातमीचंही असंच वाचन व्हायला हवं. अंक छापायला जाण्याआधी ज्या गावची बातमी त्या गावात जायचं, शाळेच्या ओट्यावर लोक बोलवायचे, आणि ज्यानं लिहिलंय त्यानं ती उभं राहून वाचायची. ज्याची हरकत असेल त्यानं उठून सांगायची.

पहिल्या वाचनाला मी होतो. एकही बातमी हरकतीशिवाय सुटली नाही. टोमॅटोच्या बातमीला हरकत, शाळेच्या सहलीला हरकत, अगदी जत्रेतल्या पाळण्याच्या बातमीलाही. एका आजोबांबद्दल मुलीनं मोठ्या आदरानं 'वयोवृद्ध शेतकरी' असं लिहिलं होतं. आजोबा उठून म्हणाले, "वृद्ध कुनाला म्हनती? आजून दोन पोती उचलतोय मी." मुलं रडकुंडीला आली. ज्या बातम्यांवर वाद झाला त्या काढून टाका, असं बरोबरच्या शिक्षकांनी सुचवलं. आपा म्हणाल्या, "मग उरेल काय? तारीख आणि वार." त्यांनी सगळ्या बातम्या ठेवल्या आणि प्रत्येकीखाली हरकत घेणाऱ्याचं म्हणणं त्याच्या नावानिशी छापलं. अंक हातात आल्यावर लोकांनी आधी त्या हरकतीच वाचल्या. पुढच्या महिन्यापासून माणसं वाचनाला वेळेवर यायला लागली.

एकदा आहुप्याला गेलो होतो. तिथल्या एका मुलीनं देवराईवर लिहिलं होतं, आतली झाडं, आतलं देवाचं ठाणं, सगळं. वाचन सुरू होताच एक म्हातारे गृहस्थ हात जोडून उभे राहिले. म्हणाले, आतलं बाहेर लिहायचं नसतं, आमच्या वाडवडलांनी लिहिलं न्हाई. आपांनी त्यांना जवळ बसवून घेतलं. मग मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? कागदाची घडी घालत ती म्हणाली, नको मग. त्या अंकात आहुप्याची बातमी छापलीच नाही. फक्त खाली त्या गृहस्थांची हरकत छापली, वर मोकळी जागा ठेवून. मी अनेकदा तो अंक काढून बघतो. आमच्या सगळ्या अंकांत देवराईबद्दल तेवढं चांगलं पान दुसरं नाही.

आता मला प्रांजलबद्दल सांगायचं आहे. गाव डिंगोऱ्याच्या अलीकडे, ओढ्याच्या पलीकडे आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. आपांनी ते लिहिलं असतं.

प्रांजल नववीत होती. तिचे वडील रघुनाथ गावात नळाचं पाणी सोडायचं काम करत. ग्रामपंचायतीनं ठेवलेला माणूस, सकाळी वाल उघडायचा आणि वेळ झाली की बंद करायचा. गावठाणाला पाणी यायचं, पण वर टेकाडावरच्या वस्तीला महिनोन्‌महिने आलं नव्हतं. प्रांजलच्या वर्गातली एक मैत्रीण त्या वस्तीवरची. रोज हंडे भरून शाळेत उशिरा यायची आणि दाराशी उभी राहायची. प्रांजलनं त्यावर बातमी लिहिली. वस्तीवरच्या बायकांना विचारलं, शिक्षकांना विचारलं, ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. तिथं एका सदस्यानं सांगितलं, की पाणी सोडणारा माणूस आळशी आहे, वरचा वाल उघडायला चढत नाही. तेही तिनं लिहिलं, आपल्या वडिलांचं नाव घालून. रघुनाथला काढून दुसऱ्या कुणाला ठेवायचं, असं गावात चाललंच होतं. त्या घरात पगार तेवढा एकच येत होता. बातमी छापली तर बापाचं काम जाईल, हे त्या पोरीला कळत होतं, आणि तरी ती बातमी घेऊन दुकानात आली.

आपांनी ती दोनदा वाचली. चष्मा पुसला. पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मला नंतर म्हणाल्या, "तो मी इथं विचारला असता तर ती घरी जाऊन विचारती, आणि घरात जे बोलणं झालं असतं ते घरातच राहिलं असतं." मी म्हणालो, फार धोक्याचं आहे हे. त्या म्हणाल्या, "आहे. म्हणून तर त्या वाचनाला मी दुकान बंद करून येणार."

वाचन शाळेच्या ओट्यावर होतं. गर्दी बरी होती. वस्तीवरच्या बायका एका कडेला बसल्या होत्या. रघुनाथ सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून उभा. प्रांजलची आई बायकांत. प्रांजलनं बातमी वाचली. आवाज सुरुवातीला बरा होता, वडिलांच्या नावापाशी आल्यावर बारीक झाला, पण तिनं ते नाव गाळलं नाही.

वाचून झालं तसा तो सदस्य उठला. म्हणाला, "आमची काय हरकत न्हाई. छापा. सख्ख्या पोरीनंच लिव्हल्यावर आता काय ऱ्हायलं?" दोघंतिघं हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "रघूभाऊ, घरचाच पेपर निघाला राव तुझा." रघुनाथनं मान खाली घातली.

तेव्हा आपांनी बसल्या जागेवरून विचारलं, "प्रांजल, कुणाला विचारायचं राहिलं?"

तिनं हातातला कागद खाली घेतला. आपांनी घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, "पपांना."

"का गं?"

"घरातच असतात की." मग जरा थांबून, "आणि विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, बापाची बाजू घेतली."

आता कुणी हसलं नाही. आपा म्हणाल्या, "मग आता विचार. सगळ्यांसमोर. बाकीच्यांना विचारलंस तसंच."

प्रांजलनं मागं भिंतीकडे बघून विचारलं, "पपा, वरच्या वस्तीला पाणी का येत नाही?"

रघुनाथ पुढं आला नाही. तिथूनच बोलला. बोलायची सवय नसलेला माणूस, त्यामुळे एकेक वाक्य सुटं सुटं येत होतं. "वाल मी रोज उघडतो. वर चढून उघडतो. पर पाणी वर पोचत न्हाई. खाली नळाला मोटरी लागत्यात. सगळं पाणी मोटरीच वढून घेत्यात. वर नुसती हवा." त्या सदस्यानं विचारलं, कुणाच्या मोटरी, नावं सांग. रघुनाथ म्हणाला, "नावं न्हाई सांगनार. मला रोज सगळ्यांच्या दारावरनं जायचं असतं."

नळाला मोटर लावायची नसते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणी लावली आहे हेही. ज्यानं त्यानं जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे बघायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं, आता हे असंच विरणार, लोक उठून जाणार आणि उद्या या माणसाचं काम जाणार.

तेवढ्यात प्रांजलची आई उठली. पदर नीट केला आणि आपांकडे बघून म्हणाली, "लिहा. आमच्याबी घरात हाय मोटर."

रघुनाथनं चमकून वर पाहिलं. "आपल्या?"

"मग. न्हाणीच्या मागं. तुमी वालवर असता तवा लावती. तुमी माघारी यायच्या आत काढून ठिवती." मग सगळ्यांकडे वळून, "ह्यांना ठावं न्हाई. ह्यांना कळलं असतं तर ह्यांनी मलाच दंड केला असता."

सगळ्यात आधी वस्तीवरच्या बायका हसल्या. मग ओटा हसला. रघुनाथला हसावं की रागवावं कळेना. तो आपला बायकोकडे बघत राहिला. हसणं ओसरलं तशी आणखी एक बाई म्हणाली, आमचीबी लिहा मग. मग एक दुकानदार. मग एकमेकांकडे बोटं दाखवायला सुरुवात झाली. "तुझी हाय की रं", "माझी बंद पडलीया", "बंद पडली तर पाणी कसं भरतं तुझ्या घरात?" असं चाललं. शेवटी त्या सदस्याला त्याच्या चुलत भावानंच सगळ्यांदेखत आठवण करून दिली, की मागच्या आठवड्यात तू माझ्याकडनं पाईप मागून नेलास तो कशाला? सदस्य म्हणाला, "ते बागेला व्हतं." त्यावर जे हसू उठलं त्यात तोही थोडा सामील झाला. रघुनाथला काढायची भाषा त्या दिवसापासून बंद झाली. पुढं आधी वस्तीला पाणी सोडायचं आणि मग गावठाणाला, असं तिथंच ओट्यावर ठरलं.

प्रांजलनं आपांना विचारलं, बातमी नव्यानं लिहू का? आपा म्हणाल्या, तू लिहिलं ते राहू दे. खाली पपांचं येईल, त्याच्याखाली आईचं. वाचणाऱ्याला कळू दे की तू कुठून निघालीस आणि कुठं पोचलीस.

लोक गेले तरी प्रांजल ओट्यावरून उठेना. घरी जायचा धीर होत नव्हता तिला. आपांच्या ते लक्षात आलं. त्या तिच्या आईला म्हणाल्या, "आमच्या सरांना भूक लागलीये. जेवायला घालता का?" मला भूक लागली नव्हती, पण मी मान हलवली. आम्ही त्यांच्या घरी गेलो. पिठलं-भाकरी होती, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवताना मघाच्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपांनी रघुनाथला वालाबद्दल विचारलं, तो किती फेरे फिरवावा लागतो, कुठल्या बाजूला अडकतो, पावसाळ्यात काय होतं. तो सांगत गेला. हळूहळू त्याचा आवाज मोकळा झाला. प्रांजल आईशेजारी बसून ऐकत होती. बापाचं काम ती बहुधा पहिल्यांदाच ऐकत असावी. मधेच रघुनाथनं तिच्या ताटात आपल्या हातातली भाकरीची चतकोर ठेवली आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. निघताना आपा न्हाणीच्या मागं डोकावून आल्या. म्हणाल्या, "मोटर चांगली आहे हो. कुठून घेतली?" प्रांजलच्या आईनं तोंडाला पदर लावला.

अंक छापून आला तो वाटायला आम्ही त्या गावात पुन्हा गेलो. थंडी पडली होती. आपांना हल्ली चढावर दम लागे, म्हणून मी म्हणालो, तुम्ही खालीच थांबा, मी शाळेत गठ्ठा देऊन येतो. त्यांनी ऐकलं नाही. स्कूटी टेकाडाच्या पायथ्याशी लावली आणि थांबत थांबत वर चढायला लागल्या. "बातमी खरी की खोटी ते वरच कळेल," असं म्हणाल्या.

वस्तीच्या नळाशी बायकांची रांग होती. पाणी येत होतं. फार जोर नव्हता, पण धार तुटत नव्हती. जरा वरच्या अंगाला रघुनाथ वालाच्या खड्ड्यापाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशात प्रांजल. पाना तिच्या हातात होता. रघुनाथ बोटानं दाखवत होता, अजून जरा, अजून, बास. त्यांनी आम्हांला पाहिलं नाही. आपांनीही हाक मारली नाही.

शाळेची वेळ होत आली होती. मी गठ्ठा घेऊन उतरायला लागलो; तो शाळेत देऊन मी परस्पर एसटीनं माझ्या हायस्कुलात जाणार होतो. अर्ध्या वाटेवर मागं वळून पाहिलं. आपा नळाखाली हंडा लावलेल्या एका बाईच्या शेजारी दगडावर बसल्या होत्या. ती बाई एका हातानं हंडा धरून दुसऱ्या हातानं टेकाडापलीकडचं काहीतरी दाखवत, तावातावानं सांगत होती. आपा चष्मा कपाळावर ढकलून, मान तिच्याकडे कलती करून ऐकत होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांना पुण्याला दवाखान्यात नेलं आणि माझं जाणं व्हायच्या आतच त्या गेल्या. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन हेच आहे. बाई बोलते आहे, हंडा भरून वाहतो आहे, आणि दोघींपैकी एकीचंही त्याकडे लक्ष नाही.